पार्किंगमधली होडी

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये काय काय उभं असतं, याची एक वही चेअरमन काकांकडे आहे. चारचाकी इतक्या, दुचाकी इतक्या, लहान मुलांच्या सायकली आणि दुसऱ्या मजल्यावरच्यांची ती तीन वर्षं जागची न हललेली ट्रेडमिल. गेल्या मार्चमध्ये या वहीत एक नवी एंट्री करायची वेळ आली आणि काकांचं पेन हवेतच थांबलं.

"हे नक्की काय आहे?"
"होडी."
"कुणाची?"
"आमची. म्हणजे, होणार आहे."
"पुण्यात?"

आता या 'पुण्यात?'ला काय उत्तर देणार! आमच्याकडे पाणी येतं तेच मुळात टँकरने. काका बराच वेळ विचार करत उभे राहिले आणि मग खिशातून एक स्टिकर काढून त्यांनी प्लायवूडवर चिकटवलं. त्यावर लिहिलं होतं, 'व्हिजिटर'.

झालं असं, की मी फ्रीलान्स जर्नलिस्ट. आमच्या घरी याचं मराठी भाषांतर 'सध्या घरीच असते' असं करतात. त्यात डिसेंबरमध्ये बाबा रिटायर झाले. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढल्यावर त्यांना सकाळी अकरा वाजता घरात करायचं काय, हेच समजेना. एकाच पेपरची पानं आम्ही दोघं वाटून घ्यायचो. मी पुरवणी, ते मुख्य अंक. दीड महिना हे बघून आई म्हणाली, "दोघं मिळून काहीतरी करा. नाहीतर मीच काहीतरी करेन."

तेवढ्यात ठाण्याहून ताईचा मुलगा आला. वय वर्षं सहा, प्रश्न अमर्याद. "आजोबा, तुमच्या गावाला खाडी आहे ना, मग तुमच्याकडे होडी का नाही?"

बाबा गप्प. मीही गप्प. कारण हाच प्रश्न ताईने आणि मी त्याच्याच वयाच्या असताना विचारला होता आणि "करू की एकदा" असं उत्तर मिळालं होतं. ते 'एकदा' वीस वर्षं लांबलं होतं.

पेपरवाल्यांची होडी

घरात होडी? म्हणजे सुताराचं दहा वर्षांचं शिक्षण, सागवानी फळ्या, वाफेवर लाकूड वाकवणं... माझ्या डोळ्यांसमोर हेच होतं. पण थोडी शोधाशोध केल्यावर एक सॉल्लिड गोष्ट हाती लागली.

१९६२-६३ च्या सुमाराला इंग्लंडमधल्या 'डेली मिरर' या पेपरने वाचकांसाठी चक्क एक शिडाची होडी काढली. जॅक होल्ट हा नावाजलेला होडी-डिझायनर आणि बॅरी बकनेल हा टीव्हीवर 'घरच्या घरी करा' शिकवणारा माणूस, अशा दोघांनी मिळून ती बनवली होती. प्लायवूडचे कापलेले तुकडे घरी आणायचे, तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे आणि सांधे चिकटवून टाकायचे. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. पेपरच्या नावावरून होडीचं नाव पडलं 'मिरर', शिडाचा रंग लाल. लोकांनी गॅरेजमध्ये, दिवाणखान्यात, जागा मिळेल तिथे त्या बनवल्या. आजवर सत्तर हजारांहून जास्त मिरर झाल्यात.

आणि त्याच्याही आधी, १९४७ मध्ये, अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावच्या क्लार्क मिल्सने मुलांसाठी एक छोटी, चपट्या नाकाची होडी काढली होती. अट एकच, आठ बाय चारच्या दोन प्लायवूड शीट्समध्ये ती बसली पाहिजे. तीच ती 'ऑप्टिमिस्ट'. आज जगभरातली पोरं शिडाची होडी पहिल्यांदा शिकतात ती बहुतेक वेळा हिच्यावरच.

हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "सहा एमएम की नऊ?"

बाबा कामाला लागले होते!

कुकरमध्ये प्लायवूड

डिझाईन ठरलं ते असं. लांबी आठ फूट, रुंदी चार फूट, तळ चपटा, पुढचं नाकही चपटं. शीड-बीड काही नाही, फक्त वल्ही. सहा एमएमची तीन शीट्स. एका शीटचं वजन साधारण बारा किलो, म्हणजे रंग-रोगण धरून होडी चाळीस किलोच्या आसपास. दोघांनी उचलून नेता येईल अशी.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये 'वॉटरप्रूफ' हा शब्द प्रत्येक दुकानात ऐकू येतो. खरा फंडा वेगळा आहे. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि 'आयएस ७१०' हा आकडा शोधायचा. मरीन प्लायवूडचं ते भारतीय मानक. किचनच्या ट्रॉल्यांना वापरतात ते बहुतेकदा 'आयएस ३०३', दमटपणाला चालतं, पण होडीला नाही. एका दुकानदाराने शिक्का नसलेलं शीट दाखवून "मॅडम, लिहून देतो" म्हटलं. बाबांनी लिहून घेतलं नाही. दोन्हींचे हातभर तुकडे मागून आणले आणि भंगारात निघालेल्या जुन्या कुकरमध्ये, झाकण न लावता, दिवसभर उकळले.

संध्याकाळी शिक्का नसलेला तुकडा पुस्तकासारखा उघडला. पानं मोजता येत होती. ७१० वाला जसाच्या तसा.

आईचं ऑब्जेक्शन आणि आईचे टाके

आईला हा प्रकार पहिल्या दिवसापासून नामंजूर होता. तिला पोहता येत नाही आणि पाण्याबद्दल तिचं मत एका वाक्याचं आहे, "लांबून छान दिसतं." पण एका दुपारी चहा द्यायला ती खाली पार्किंगमध्ये आली. आम्ही दोघं घामाघूम. तळाचं आणि बाजूचं पॅनेल तारेने जोडत होतो आणि होडी केळ्यासारखी वाकडी व्हायला लागली होती.

आईने कप खाली ठेवला. "हे तर ब्लाऊजसारखं आहे."

"काय?"

"सपाट कापडातून गोलाई काढायची ना? मग एका टोकापासून सगळे टाके घट्ट काय ओढताय? मध्यापासून सुरुवात करा. आधी सगळे सैल घाला. मग दोन्ही बाजूंना सारखं सारखं ओढत जा."

पंचवीस वर्षं सोसायटीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवलेल्या बाईचं ते मत होतं. आम्ही सगळ्या तारा सोडल्या आणि पुन्हा मध्यापासून सुरुवात केली. दोन तासांनी प्लायवूडचे सपाट तुकडे आमच्या डोळ्यांदेखत फुगले आणि ते होडी दिसायला लागले. बाबांनी दोरी लावून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मापं घेतली. फरक चार मिलिमीटर. टूलरूमवाल्या माणसाने आईकडे असं बघितलं, जसं मी त्यांना आजवर कधी बघताना पाहिलं नव्हतं.

पुढचं काम इपॉक्सीचं. रेझिन आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळायचं, अंदाजपंचे चालत नाही. त्यात चाळलेला लाकडाचा भुसा घालून श्रीखंडाइतकं घट्ट करायचं, आतल्या सांध्यांमध्ये चमच्याच्या पाठीने गोलाई देत भरायचं, वरून फायबरग्लासची पट्टी. मग तारा काढून बाहेरूनही पट्टी. हातमोजे आणि मास्क मस्ट, कारण इपॉक्सीची एकदा ॲलर्जी झाली की पाठ सोडत नाही. आणि एप्रिलच्या दुपारी एकदम जास्त मिसळू नका. मी 'एकाच फटक्यात संपवू' म्हणून मोठा मग भरून मिक्स केला. दहा मिनिटांत मग गरम झाला, धूर निघाला आणि प्लॅस्टिक वितळून माझ्या चपलेवर. कमी कमी घ्या, पसरट भांड्यात घ्या, सकाळी करा. हे ज्ञान मला एका चपलेच्या किमतीत मिळालं.

बाक

आता येते ती गोष्ट, जी लिहू की नको, असं दोन वेळा वाटलं.

मे महिना अर्धा संपला होता. भाचा सुट्टीला आला होता आणि पंचवीस तारखेला परत जाणार होता. त्यानंतर पाऊस. म्हणजे आत्ता नाही तर थेट दिवाळी. राहिली होती फक्त बाकं. बाबांच्या ड्रॉइंगमध्ये पुढचं आणि मागचं बाक म्हणजे चहूबाजूंनी बंद केलेल्या हवेच्या पेट्या होत्या. आतून इपॉक्सीचे तीन हात, सांधे, झाकण, परत सांधे. आठ दिवसांचं काम.

मला ते टोटल वेळखाऊ वाटत होतं. खालून मोकळी बाकं केली तर एका दिवसात होणार होतं, वर डबे-बाटल्या ठेवायला जागा मिळणार होती, आणि फोटोत छान दिसणार होतं ते वेगळंच. लाकडाचीच तर होडी, बुडतेय कशाला? बाबा बँकेत गेले असताना मी पुढचं बाक स्क्रू मारून बसवून टाकलं. भाच्याने त्यावर बसून वल्ही मारायची ॲक्शनही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले, तर बाक काढलेलं. पेपरमध्ये नीट गुंडाळून भिंतीला उभं केलेलं. स्क्रू एका वाटीत.

मी जाम चिडले. एका लहान मुलाला दिलेला शब्द, चार महिन्यांचं काम, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी... बरंच काही बोलले. "तुम्हाला करायचंच नव्हतं, वीस वर्षांपूर्वीही नव्हतं," हे पण बोलले. बाबा काही म्हणाले नाहीत. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पंचवीस तारखेला भाचा ठाण्याला गेला. जाताना होडीवरच्या स्टिकरकडे बोट दाखवून "हिचं नाव व्हिजिटर का?" एवढंच विचारून गेला.

त्या रात्री बाबा एकटेच पार्किंगमध्ये पॉलिश पेपर घासत बसले होते. मी जाऊन दुसरा कागद घेतला. थोड्या वेळाने ते खाली बघतच बोलायला लागले.

"मी नऊ वर्षांचा होतो. लाकडं भरलेली होडी आमच्या धक्क्यासमोर उलटली. दोघं जण होते. एकाने उलटी झालेली होडी धरून ठेवली. दुसऱ्याला किनारा जवळ दिसला, तो पोहत निघाला. चांगला पोहणारा होता. ओहोटी लागली होती."

घासण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"होडी तरंगते की नाही, हे काय, बादलीही तरंगते. उलटल्यावर, पाण्याने भरल्यावर तिने माणसाला धरून ठेवलं पाहिजे. तेवढ्यासाठी पेट्या."

दुसऱ्या माणसाचं नाव त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. वीस वर्षं 'एकदा' का लांबलं, हे मात्र मला त्या रात्री कळलं.

हिशोब तसा सोपा आहे. प्लायवूड पाण्यापेक्षा हलकं असतं, पण फार नाही. भरलेली होडी स्वतः कशीबशी वर राहील, पण चार माणसांचा भार काही घेणार नाही. याउलट बंद पेटीतली एक लिटर हवा साधारण एक किलो वजन उचलून धरते. आमच्या दोन पेट्या मिळून होत्या जवळपास १६० लिटरच्या. मी 'डबे ठेवायला जागा' म्हणत होते ती ही.

तिथीची पाऊणपट

पावसाळाभर व्हिजिटर ताडपत्रीखाली झोपली. मधल्या काळात रंग झाला (इपॉक्सीला ऊन चालत नाही, वर रंग हवाच), तळाला घासपट्टी लागली, आणि सगळ्यात महाग वाटलेली खरेदी झाली ती लाईफ जॅकेट्सची. त्यात लहान मुलाचं वेगळं, त्याच्या वजनाचं. मोठ्यांचं जॅकेट पोराला घातलं, तर पाण्यात पोरगं खाली जातं आणि जॅकेट वर राहतं.

"खडकवासल्याला सोडा की," असं सोसायटीत सगळ्यांनी सुचवलं. पण धरणं जलसंपदा खात्याच्या ताब्यात असतात, परवानगीशिवाय आपली होडी घेऊन तिथे उतरता येत नाही. खाडी-समुद्रासाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात आधी विचारायचं. आम्ही दोन्हीकडे विचारून मग गावच गाठलं. दिवाळीत छोट्या हत्तीच्या पाठीवर होडी बांधून उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून पुढे वाशिष्ठीच्या खाडीवरचं आमचं गाव.

चुलत काकांनी व्हिजिटरवर बोटाने टकटक केलं. "ही होडी की टेबल?" मग तिथी मोजली. खाडीवरच्या लोकांचं हे गणित मला प्रचंड आवडलं. जी तिथी असेल त्याची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. त्या दिवशी पंचमी होती. पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. पाणी चढत असतानाच उतरायचं. वल्हं हातातून सुटलं, तरी भरती तुम्हाला आत गावाकडे ढकलते. ओहोटी समुद्राकडे नेते.

"आज कुणीही होडीतून फिरायचं नाही," बाबांनी जाहीर केलं. "आज ती उलटवायची."

भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मेपासून थांबलेलं पोरगं!

छातीभर पाण्यात बाबा आणि मी, जॅकेट घालून. शेजारी काका त्यांच्या होडीत, हातात दोर. चपट्या तळाची होडी सहजी उलटत नाही, आम्ही दोघं एका काठावर लोंबकळलो तरी ती हट्टाने तशीच. पण एका कोनापर्यंतच. तो कोन ओलांडला आणि क्षणात सगळं पालथं. नाकात खारं पाणी, कानात घुमणारा आवाज. वर आले तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती किनारा. इतका जवळ! मी हात मारायला सुरुवातही केली.

"होडी सोडू नकोस!"

बाबांना इतक्या मोठ्याने ओरडताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मी वळले. होडी धरली. दोघांनी मिळून ती सरळ केली, काठोकाठ भरलेली. मग आधी मी, नंतर बाबा, मागच्या बाजूने आत चढलो. कमरेइतक्या पाण्यात, भरलेल्या होडीत आम्ही दोघं बसलो होतो आणि ती बुडत नव्हती. पन्नासेक बादल्या उपसायला लागल्या. किनाऱ्यावर आई उभी होती, तोंडावर पदर धरून, हसतेय की रडतेय कळत नव्हतं.

बाहेर काढल्यावर पुढची पेटी हलवली, तर आत पाणी डुचमळलं. बूच काढलं, तांब्याभर निघालं. कुठून आलं? शोधलं तर एक बारीक भोक. मेमध्ये मी घाईघाईने मारलेल्या स्क्रूचं. बुजवायचं राहून गेलेलं. बाबांनी त्यावर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सापडलं ना? मग झालं."

एक दिवस पेटी वाळवायला, एक दिवस इपॉक्सी सुकायला. दोन दिवसांनी सप्तमी. सात गुणिले पाऊण, सव्वापाच. पावणेचारला व्हिजिटर पाण्यात.

पहिला पॅसेंजर कोण, यावर भाच्याचा दावा होता. पण आई आधीच जॅकेट घालून, साडी खोचून मागच्या पेटीवर जाऊन बसली होती. "माझे टाके आहेत त्यात," ती म्हणाली. "बघू दे मला."

बाबा वल्ह्यांवर, पुढे मी आणि भाचा. काठाकाठाने, खारफुटीच्या बाजूने. अर्ध्या तासाने एका खुंटावर खंड्या दिसला आणि भाचा ताडकन उभा राहिला. होडी कलली. बादलीभर पाणी आत.

"बस खाली," बाबा म्हणाले, साध्या आवाजात. तो बसला. मी पाणी उपसलं. आईने फक्त होडीचा काठ घट्ट धरला, सोडला नाही. खंड्या उडून गेला.

मेमध्ये मोकळ्या बाकांनी गेलो असतो तरी कदाचित काही झालं नसतं. पण त्या 'कदाचित'वर मी माझ्या आईला आणि सहा वर्षांच्या पोराला बसवायला निघाले होते.

व्हिजिटर आता गावीच असते, काकांच्या पडवीत. पार्किंगमधल्या त्या जागेवर चेअरमन काकांनी परवा ट्रेडमिल सरकवून घेतली. मला बघून म्हणाले, "गेली का तुमची होडी? आता काय करताय दोघं?"

वर बाबा आईच्या शिलाई मशीनशेजारी बसून शिडाचं कापड बेततायत. लाल रंगाचं.